जुन्या जीपचा नवा ‘टब’ : पुनर्निर्मिती, अस्सलपणा आणि कायदा

पानिपत हे नाव मराठी वाचकाला १७६१ च्या रणसंग्रामामुळे परिचित आहे. आजचे पानिपत हातमागाच्या वस्तूंसाठी आणि टाकाऊ लोकरी कपड्यांपासून नवे सूत काढणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, जुन्या ग्रँड ट्रंक रोडवर वसलेला हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. त्यामुळे जुन्या वाहनांविषयी या क्षेत्रासाठी दिलेले न्यायालयीन आदेश पानिपतलाही लागू होतात. उत्तर भारतात शेतावर, गोदामात किंवा घराच्या अंगणात जपून ठेवलेल्या जुन्या जीपच्या मालकांना या आदेशांमुळे एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. जीपचे शरीर गंजून गेले आणि त्या जागी नवे बसवले, तर ती जीप जुनी मानायची की नवी?

जीपच्या या शरीराला जाणकारांच्या भाषेत ‘टब’ म्हणतात. टबची पुनर्निर्मिती कशी होते, ती करताना काय जपावे लागते आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, याचा हा आढावा.

टब म्हणजे काय?

बहुतेक आधुनिक मोटारगाड्यांमध्ये सांगाडा आणि शरीर एकसंध असतात. जुन्या जीपची रचना वेगळी आहे. खाली पोलादी चासी असते. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगा आणि चाके बसवलेली असतात. या चासीवर पत्र्याचे एक उघडे पात्र नटबोल्टने आवळलेले असते. तळाचा पत्रा, दोन्ही बाजू, मागची भिंत, चाकांवरील कमानी आणि इंजिन व चालक यांच्यामधला आडवा पत्रा मिळून हे पात्र तयार होते. त्याला दरवाजे नसतात आणि छतही नसते. आंघोळीच्या टबासारखा आकार असल्याने हे नाव रूढ झाले.

टब चासीपासून वेगळा असल्याने बोल्ट सोडवून तो उचलून बाजूला ठेवता येतो. जीपची पुनर्बांधणी शक्य होते ती या रचनेमुळेच. वाहनाची ओळख ठरवणारा चासी क्रमांक चासीवर असतो, टबवर नसतो. विलीज कंपनीच्या युद्धकालीन एमबी जीपमध्ये हा क्रमांक पुढच्या बंपरजवळ, चासीच्या डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असे. टबलाही स्वतंत्र क्रमांक दिलेला असे, परंतु नोंदणीच्या दृष्टीने त्याला तितके महत्त्व नव्हते.

भारतातील जीप

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या सैन्याबरोबर त्या भारतात मोठ्या संख्येने आल्या. युद्धानंतर शिल्लक राहिलेली अनेक वाहने लिलावात निघाली आणि चहामळे, वनखाते, शेती व खासगी वाहतूक यांच्या कामी लागली.

त्याच सुमारास, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र कंपनीने मुंबईत सुट्या भागांपासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही नागरी जीप भारतातच तयार होऊ लागली आणि अनेक दशके या घराण्याची वाहने देशाच्या ग्रामीण भागात धावली. भारतीय सैन्यासाठी जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून ‘जोंगा’ हे वाहन तयार होत असे. ते निसान पेट्रोल या जपानी वाहनावर आधारित होते. त्याचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले.

आज ‘जुनी जीप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वाहनांमध्ये या सर्व प्रकारांचे मिश्रण आढळते. नागरी जीपला लष्करी रंग देऊन ती महायुद्धकालीन म्हणून सादर करण्याचा प्रकारही नवा नाही. टबकडे बारकाईने पाहिल्यास हा फरक ओळखता येतो. युद्धकालीन जीपला मागे उघडणारी फळी नव्हती आणि जादा चाक मागच्या भिंतीवर असे. नागरी जीपला मागची फळी आली आणि जादा चाक बाजूला गेले. युद्धकालीन जीपमध्ये इंधन भरण्याचे तोंड चालकाच्या आसनाखाली होते. नागरी जीपमध्ये ते टबच्या बाहेरच्या बाजूस आले. पुढच्या जाळीतील उभ्या फटी युद्धकालीन जीपमध्ये नऊ, तर नागरी जीपमध्ये सामान्यतः सात असत.

टब का गंजतो?

चासी जाड पोलादाची असल्याने दीर्घकाळ टिकते. टब मात्र पातळ पत्र्याचा असतो. छत नसल्याने पावसाचे पाणी थेट तळावर साचते. तळाला पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात, परंतु ती चिखलाने बुजली की ओल तशीच राहते.

मूळ रचनेतही एक दोष होता. तळाच्या पत्र्याला बळकटी देण्यासाठी त्याच्या खाली टोपीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडलेल्या असत. युद्धकालीन जीपमध्ये या पट्ट्यांच्या पोकळीत लाकडाचे तुकडे बसवलेले होते. लाकूड ओल धरून ठेवते. त्यामुळे वरून सुस्थितीत दिसणारा तळ आतून कुजत गेला. चालकाच्या आसनाखाली इंधनाची टाकी बसवण्यासाठी तळाला केलेला खोलगट भाग आणि मागच्या कोपऱ्यांतील अवजारांच्या पेट्या या जागाही गंजाला लवकर बळी पडतात.

हा दोष केवळ दिसण्यापुरता मर्यादित नाही. आसने तळाच्या पत्र्यावर बसवलेली असतात आणि इंधनाची टाकी त्याच पत्र्याच्या आधाराने उभी असते. तळ कमकुवत झाला की आसन हलते, टाकी घासते आणि गळतीचा धोका निर्माण होतो. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग दिल्यास वाहन सुंदर दिसते. प्रवाशांचा भार मात्र त्या पुट्टीने पेलला जात नाही.

डबवाली ते मनिला

गंजलेल्या टबच्या जागी नवा टब तयार करून देणारे कारागीर भारतात अनेक ठिकाणी आहेत. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या सीमेवर असलेले मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप नव्याने बांधण्यासाठी उत्तर भारतात ओळखले जाते. सैन्याने लिलावात काढलेल्या जीप आणि त्यांचे सुटे भाग हा या व्यवसायाचा मूळ आधार होता. दिल्लीतील मायापुरी हा भाग जुन्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी परिचित आहे.

परदेशात या क्षेत्रात फिलिपिन्सचे नाव घेतले जाते. युद्धानंतर तेथे राहिलेल्या अमेरिकी जीपना लांब शरीर जोडून ‘जीपनी’ हे सार्वजनिक वाहन तयार झाले आणि पत्रा घडवण्याचे कौशल्य तेथे रुजले. त्या देशातील एमडी हुआन ही कंपनी विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू यांचे संपूर्ण टब तयार करते. अमेरिका व युरोपातील संग्राहक ते वापरतात.

या दोन पद्धतींत महत्त्वाचा फरक आहे. कारखान्यात ठशांच्या साहाय्याने पत्रा दाबला जातो, त्यामुळे प्रत्येक नग सारखा येतो. ठसे तयार करण्याचा खर्च मात्र मोठा असल्याने मागणी पुरेशी असेल तरच तो परवडतो. लहान कार्यशाळेत पत्रा कापून, वाकवून आणि हातोडीने घडवून टब उभा केला जातो. येथे खर्च कमी असतो, परंतु अचूकता सर्वस्वी कारागिराच्या मापावर अवलंबून राहते.

पुनर्निर्मितीचे टप्पे

चांगल्या पुनर्निर्मितीची सुरुवात मोजमापाने होते. जुना टब काढण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी लागतात. प्रत्येक छिद्र, बिजागरी आणि पत्र्यावरील उठाव यांची नोंद करावी लागते. त्यानंतर चासी तपासली जाते. तिच्या समोरासमोरील कोपऱ्यांमधील तिरकी अंतरे समान नसतील, तर चासी पिळलेली आहे असे समजावे. पिळलेल्या चासीवर अचूक टबही नीट बसत नाही.

दुसरा टप्पा नमुन्याच्या निवडीचा आहे. ज्या टबवरून माप घ्यायचे तो मूळ कारखान्यातील आणि शक्यतो दुरुस्ती न झालेला असावा. नकलेवरून नक्कल केली की पहिल्या नकलेतील चूक दुसरीत वाढते. डाव्या बाजूचे माप उलटे करून उजवी बाजू तयार करण्याचा मोहही टाळावा लागतो, कारण इंधन टाकी आणि सुकाणू यांमुळे दोन्ही बाजू सारख्या नसतात.

तिसऱ्या टप्प्यात मूळ जाडीचा पत्रा कापून तळ, बाजू आणि कमानी स्वतंत्रपणे तयार केल्या जातात. तळावरील उठावाच्या रेषा केवळ शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो. त्या वगळल्यास तळ थरथरतो आणि कालांतराने सांध्याजवळ तडकतो.

चौथा टप्पा जोडणीचा. मूळ टबची जोडणी प्रामुख्याने स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या जोडाने, केलेली होती. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा वाकतो आणि मूळ ठेवणही बिघडते. अनुभवी कारागीर सुरुवातीला केवळ तात्पुरते टाके मारतात आणि टब चासीवर ठेवून पाहतात. पुढची जाळी, बॉनेट आणि काचेची चौकट जागेवर बसवून मधल्या फटी समान आहेत की नाहीत, हे तपासले जाते. सर्व काही जुळल्यानंतरच पक्की जोडणी होते.

पाचवा टप्पा गंजरोधनाचा आहे. तळाखालील पट्ट्या बंद करण्यापूर्वी त्यांच्या आतल्या बाजूस प्रायमर द्यावा लागतो, कारण नंतर तेथे हात पोचत नाही. पट्ट्यांमध्ये लाकूड बसवायचेच असेल तर ते प्रक्रिया केलेले असावे.

अखेरचा टप्पा बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो. जुन्या टबवरील माहितीच्या पट्ट्या, क्रमांकाचा तुकडा आणि वाचवता येण्याजोगे भाग जपून ठेवावेत. नवा टब केव्हा व कोठे तयार झाला याची खूण न दिसणाऱ्या जागी कोरावी. त्यामुळे पुढच्या मालकाची फसवणूक होत नाही.

पाण्यावर चालणारी जीप

जीपच्या कुटुंबातील एका वाहनात टबचे महत्त्व आणखी वाढते. फोर्ड कंपनीने १९४२-४३ मध्ये जीपीए हे उभयचर वाहन तयार केले. जीपचीच यंत्रणा पोलादी होडीत बसवलेल्या या वाहनाचे १२,७७८ नग तयार झाले. साध्या जीपपेक्षा ते बरेच जड होते आणि पाण्यात त्याचा काठ पृष्ठभागाच्या फार वर राहत नसे. त्यामुळे शांत पाण्यात उपयुक्त ठरलेले हे वाहन लाटांमध्ये धोकादायक ठरले.

या वाहनाचा भारताशी एक उल्लेखनीय संबंध आहे. भारतीय सैन्यात सेवा बजावलेले ऑस्ट्रेलियन अभियंता बेन कार्लिन यांनी १९४६ मध्ये बंगालमधील कलाईकुंडा येथील विमानतळावर असे एक वाहन पाहिले आणि त्यातून जगप्रदक्षिणा करण्याची कल्पना त्यांना सुचली. पुढे त्यांनी अमेरिकेत एक जीपीए विकत घेतली. तिच्या होडीत मोठे बदल करून, जादा इंधन टाक्या व बंद केबिन जोडून तिला ‘हाफ-सेफ’ असे नाव दिले. १९५० मध्ये कार्लिन आणि त्यांच्या पत्नी एलिनोर यांनी कॅनडातून अटलांटिक महासागरात प्रस्थान ठेवले. पुढच्या टप्प्यात हे वाहन कोलकात्यापर्यंत आले आणि १९५८ मध्ये कॅनडात ही प्रदक्षिणा पूर्ण झाली. ते वाहन आज ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे एका शाळेत जतन केलेले आहे.

१९६० च्या दशकात कॅनडा व अमेरिकेत सहा चाकांची लहान उभयचर वाहने आली. जिगर आणि आर्गो ही त्यांतील परिचित नावे. या वाहनांत टब हीच होडी असते आणि चाकांचे आस तिच्या बाजूंना पाडलेल्या छिद्रांतून बाहेर येतात. हे टब पत्र्याचे नसून काचतंतू किंवा प्लॅस्टिकचे असतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे काही प्लॅस्टिके ठिसूळ होतात आणि आसांच्या छिद्रांभोवती तडे जातात. अशा टबची पुनर्निर्मिती बहुधा काचतंतूत होते. सुस्थितीतील मूळ टबवरून साचा काढतात आणि साच्यात काचतंतूंचे थर राळेने बसवतात. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून निर्वाताने साच्यावर ओढण्याची कारखान्यातील पद्धत अधिक जलद आहे, परंतु थोड्या नगांसाठी तिचा खर्च परवडत नाही. शिवाय खोल कोपऱ्यांत पत्रा पातळ होतो. पुढील काळात या वाहनांसाठी पॉलिएथिलीन वापरले जाऊ लागले. ते आघात चांगला सोसते, मात्र सहजासहजी चिकटवता येत नाही. तडा गेल्यास ते उष्णतेनेच जोडावे लागते.

पॉलिएथिलीनच्या निमित्ताने पुन्हा पानिपतचा उल्लेख येतो. इंडियन ऑइलचा येथील नाफ्था क्रॅकर प्रकल्प २०११ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. पाण्याच्या टाक्यांपासून पिंपांपर्यंत असंख्य वस्तूंसाठी लागणारे पॉलिएथिलीन तेथे तयार होते. भारतीय सैन्यानेही अलीकडे उभयचर वाहने स्वीकारली असून ‘कपिध्वज’ हे वाहन २०२५ च्या प्रजासत्ताक दिन संचलनात पाहायला मिळाले.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूलतः ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या तरतुदीवर भर दिला. जीपची चासी लांबवणे, टब रुंद करणे किंवा वेगळ्याच वाहनाचे शरीर तिच्यावर बसवणे या गोष्टी त्यामुळे अडचणीत येतात. मूळ मापाचा टब बसवणे आणि मनाजोगता टब बसवणे यांतील फरक येथे निर्णायक ठरतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, शरीराचे कवच किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, ही अट आहे. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क असून प्रमाणपत्र १० वर्षांसाठी वैध असते. नव्याने नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पूर्वी नोंदलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक राखता येतो. अशी वाहने नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती चालवता येतात.

या व्याख्येत शरीराच्या कवचाचा स्पष्ट उल्लेख असल्याने टबची पुनर्निर्मिती हा विषय केवळ छंदापुरता राहत नाही. मूळ टबची छायाचित्रे, मापांची नोंद आणि कामाची बिले हाती असतील, तर आपण फेरफार केला नसून मूळ स्वरूप पुन्हा साकारले आहे, हे मालकाला नोंदणी अधिकाऱ्यापुढे मांडता येते. नोंदी नसतील तर उत्तम कामही संशयास्पद ठरू शकते.

राजधानी क्षेत्रात याला आणखी एक पदर आहे. १० वर्षांहून जुनी डिझेल आणि १५ वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने या क्षेत्रातील रस्त्यांवर चालवण्यास हरित न्यायाधिकरणाने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा वाहनांवर सक्तीच्या कारवाईपासून तात्पुरते संरक्षण दिले, परंतु डिसेंबर २०२५ मध्ये ते बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. जुन्या जीप या मानकांच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्यामुळे पानिपतमधील जीपमालकाने टबवर खर्च करण्यापूर्वी जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे आपल्या वाहनाची स्थिती तपासून घेणे हिताचे ठरते.

खरेदीदारांनी घ्यावयाची काळजी

नव्या टबची जीप विकत घेण्यात गैर काही नाही. मात्र नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक प्रत्यक्ष चासीवरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे स्वतः पाहावे. एखाद्या मोडीत निघालेल्या जीपचे कागद वापरून वेगळीच चासी आणि नवा टब यांची सांगड घातलेली असेल, तर ती जीप पुनर्बांधणीची नसून बनावट आहे. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या, नव्याने वेल्डिंग केल्याच्या किंवा जाड रंगाच्या खुणा दिसल्यास व्यवहार थांबवावा. गाडीखाली जाऊन तळाच्या पट्ट्या तपासाव्यात. पत्रा नवा की जुना, हे विक्रेत्याने लेखी सांगावे, असा आग्रह धरावा.

पत्रा नाशवंत आहे. त्यामुळे जुनी जीप जपायची तर तिचा टब केव्हा ना केव्हा बदलावाच लागतो. बदललेला टब मूळ मापाचा असेल, त्याची नोंद उघड असेल आणि खालची चासी तीच असेल, तर त्या जीपचा इतिहास पुढे चालू राहतो. यांपैकी एक गोष्ट जरी लपवली गेली, तरी समोर उभे राहिलेले वाहन कितीही देखणे असले तरी ते जुनी जीप ठरत नाही.